कुणीच न लावलेलं झाड

सोमवार, २२ एप्रिल

बाबाच्या जुन्या कामगाराने, मान्नीने, आज परत मला "इंजिनीयरसाहेब" म्हटलं. मी शिडीवर, हातात ब्रश, आणि हा खालून विचारतो, छताला रंग वरून लावतात की खालून, एवढं तरी शिकवलं का आखेनच्या कॉलेजात. मी ब्रश बादलीत आपटला, रंग त्याच्या बुटांवर उडाला. बाबा दुसऱ्या खोलीतून आला, आधी बुटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि एक चिंधी आणून मध्ये ठेवली. कुणी पुसायचं ते बोलला नाही. शेवटी मीच पुसलं.

कॉलेज फेब्रुवारीत सोडलं. प्राध्यापकाने भर वर्गात माझ्या उत्तराला हसायला नको होतं, आणि मी त्याला जे म्हणालो ते म्हणायला नको होतं, असं सगळे सांगतात. माफी मागितली असती तर परत घेणार होते. नाही मागितली. बाबाने एवढंच सांगितलं, सकाळी सातला गाडी निघते. गाडीवर लिहिलंय "एसर आणि मुलगा, रंगकाम". त्यातला मुलगा मी रांगत होतो तेव्हापासून आहे. आता कामावर यायला लागला, इतकंच.

गावात लग्न न झालेल्या पोरांचं एक मंडळ आहे. ब्रह्मचारी मंडळ म्हणा. मार्चच्या बैठकीत तिथल्या अध्यक्षाशीही वाजलं, तेव्हापासून तिकडे फिरकलेलो नाही. नाहीच पटत माझं कुणाशी.

पण लिहायचं होतं मेर्लेबद्दल. मेर्ले ब्रॉयर. ती बेकरीत असते. तिची आई, ब्रॉयरबाई, आमच्या ऑफिसात फोन आणि बिलं सांभाळतात, मी शाळेत होतो तेव्हापासून. मेर्ले तेव्हा शाळा सुटली की आमच्याकडे येऊन रंगांचे नमुने चाळत बसायची. आता सकाळी कामावर जाताना मी पाव घ्यायला जातो, तर ती न विचारता खसखशीचे दोन पाव पिशवीत टाकते. मला खसखस अजिबात आवडत नाही. रोज खातो.

ठरलं. मे लागायच्या आदल्या रात्री आमच्याकडे पोरं आवडत्या मुलीच्या दारात लावतात तसं, तीस तारखेला तिच्या दारात झाड उभं करणार. बर्चचं, रंगीत कागदाच्या पट्ट्या बांधलेलं, तिच्या खिडकीपर्यंत पोचेल एवढं. महिनाभर ते तिच्या दारात राहील. मेच्या शेवटी मी ते काढायला जाईन, तिच्या घरचे रिवाजाप्रमाणे बियरचा क्रेट देतील, केक देतील, आणि ती... ते लिहीत नाही.

लोक झाडाला पुठ्ठ्याचं हार्ट टांगतात, त्यावर मुलीचं नाव लिहून. मी टांगणार नाही. तिला कळायचं असेल तर नावाशिवाय कळेल.

मंगळवार, ३० एप्रिल

झाड जुन्या रेल्वेलाइनच्या मागून गुपचूप तोडून आणलं. बाबा गायनमंडळाच्या तालमीला गेलाय. मागच्या अंगणात वाऱ्याने कागद फाटायला लागले, म्हणून पुढच्या भिंतीला पन्हाळीच्या पाइपाशी बांधून उभं केलं आणि शिडीवर चढून राहिलेल्या पट्ट्या बांधल्या. लाल, पांढऱ्या, पिवळ्या. इतकं सुंदर झाड आमच्या गावात कुणी लावलं नसेल. आता अंधार पडला की दोर सोडायचा आणि गाडीवर घालून न्यायचं.

शेडमध्ये बाबाची श्नाप्सची जुनी बाटली आहे. एक घोट घेतो, धीरासाठी.

बुधवार, १ मे

शेडमध्ये पोत्यांवर जाग आली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. झाड जिथल्या तिथे. आणि झाडाखाली अर्धा गाव.

मला वाटलं, चोरीचं झाड पकडलं. तसं नव्हतं. मान्नी, शेजारचे प्युत्स नवराबायको, मंडळाची दोन पोरं, सगळे माझ्याकडे बघून हसतायत, टाळ्या देतायत. मान्नी म्हणाला, "या इंजिनीयरसाहेब. कोण आहे ती बिचारी?" मला काही कळेना. तेव्हा प्युत्सबाईंनी मला एखाद्या मंदबुद्धीला सांगावं तसं सांगितलं, की बाळा, यंदा लीप वर्ष आहे. लीप वर्षात झाडं मुली लावतात. मुलांसाठी.

मागचं लीप वर्ष कोरोनात गेलं, तेव्हा कोण झाडं लावत होतं. आणि मंडळात मी जात नाही, तर मला सांगणार कोण?

म्हणजे मी काल रात्री ते मेर्लेच्या दारात नेऊन उभं केलं असतं तरी हसूच झालं असतं. पण हे त्याहून वाईट. आता संध्याकाळपर्यंत मेर्लेच्या कानावर जाणार की लेनार्टच्या दारात कुणा मुलीने झाड लावलंय. माझं डोकंच फिरलं. मी ओरडलो की हे माझ्यासाठी नाही, माझा या झाडाशी काडीचा संबंध नाही, मला कुणी मुलगी माहीत नाही आणि परत कुणी माझं नाव घेतलं तर दात पाडीन.

मग मान्नी हळूच म्हणाला, "तुझ्यासाठी नाही. बरं. मग या घरात दुसरा पुरुष कोण?"

आणि सगळ्यांनी वळून बाबाकडे पाहिलं. बाबा पायरीवर कॉफीचा कप घेऊन उभा होता. आई बॉनच्या त्या दातांच्या डॉक्टरकडे राहायला गेली तेव्हापासून या माणसाकडे गावाने कधी अशा नजरेने पाहिलेलं नाही. कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्याच्या. "छे, काहीतरीच," म्हणाला. पण कप मात्र तसाच हातात धरून झाडाकडे बघत राहिला, वरपर्यंत.

सांगायला हवं होतं का? सांगणार कसं? लीप वर्ष विसरून झाड तोडलं आणि दारू पिऊन पोत्यांवर झोपलो, हे गावाला सांगू?

गुरुवार, २ मे

सगळ्यात आधी बेकरीत गेलो. मेर्लेला दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत माझ्याकडून कळायला हवं होतं. तिचे डोळे सुजले होते आणि दोन्ही हातांवर, कोपरापर्यंत, बारीक ओरखडे होते. मांजर पाळलंय वाटतं.

तिने स्वतःच विषय काढला. "झाड लागलं म्हणे तुझ्या दारात."

मी म्हणालो, माझं नाहीच ते, बाबासाठी आहे. तिने विचारलं, तुला कसं ठाऊक. मग मी तिला अगदी स्पष्ट सांगून टाकलं, म्हणजे तिच्या मनात शंका नको: "माझ्यासाठी कुणी लावलं असतं ना, तर मी ते उचलून ओढ्यात फेकलं असतं. जिला तोंडाने बोलायची हिंमत नाही, तिने रात्री झाडं कशाला ओढत आणायची?"

"बरं झालं सांगितलंस," ती म्हणाली. मग विचारलं, "पाव कुठले देऊ?"

कुठले देऊ, असं ती मला कधी विचारत नाही. मी गोंधळून साधे म्हणालो, तिने साधे दिले. चला, खसखस तरी सुटली. मन हलकं झालं. माझं मन दुसऱ्या कुणात नाही हे आता तिला पक्कं कळलं असणार.

सोमवार, ६ मे

बाबा कामातून गेला आहे. आज त्याने कर-सल्लागाराच्या ऑफिसला एका बाळाच्या खोलीसाठी आणलेला गुलाबी रंग फासला. पूर्ण भिंत. मान्नी आणि मी दुसऱ्या मजल्यावर होतो, खाली आलो तर हा शीळ घालत दुसरी भिंत धरतोय. कर-सल्लागार जेवून आला, दारातच थांबला. मला वाटलं आता फोडतो आपल्याला. तो म्हणाला, राहू द्या, इथे येणारे सगळे रडत येतात, जरा बरं वाटेल त्यांना. बाळाच्या खोलीला काय लावायचं ते आता ब्रॉयरबाई फोन करून विचारणार.

बाबाने नवा शर्ट आणलाय. रोज दाढी करतो. संध्याकाळी मला विचारतो, ब्रॉयरबाईंना अ‍ॅस्परॅगस आवडत असेल का रे. मी म्हणालो, मला काय माहीत, ऑफिसात समोर बसतात तुझ्या. म्हणाला, "समोर बसतात, पण बिलांबद्दलच बोलतो ना आम्ही."

म्हणजे याने ठरवून टाकलंय की झाड बाईंनी लावलं. हसावं की रडावं? माझ्या झाडावर माझा बाप प्रेमात पडलाय.

गुरुवार, ९ मे

आज बापांचा दिवस. गावातले सगळे बाप हातगाडीवर बियरचं पिंप घालून रानात गेले. मान्नी बाबाला न्यायला आला होता, बाबा नाही गेला. नवा शर्ट घालून, अ‍ॅस्परॅगसची जुडी वर्तमानपत्रात गुंडाळून ब्रॉयरबाईंकडे गेला. दिवेलागणीला परत आला, आणि मी न विचारता सांगायला लागला. अहो-जाहो सोडलं त्यांनी. इतकी वर्षं "एसरसाहेब" आणि "ब्रॉयरबाई". आज ती म्हणाली, योखेन, मला बिर्गिट म्हणा. मग म्हणाली, म्हण.

मी विचारलं, झाड तिने लावलं असं म्हणाली का ती.

"असं कुठे विचारतात का? मी म्हटलं, दारातलं झाड फार छान दिसतं. ती म्हणाली, हो, मीही येता-जाता बघते."

बघते. माझं झाड. मी तोडलेलं, मी सजवलेलं, तिच्याच मुलीसाठी. आणि बाई ते सरळ आपल्या नावावर घेऊन बसल्या. एका शब्दाने नाही म्हणाल्या नाहीत. मला आता सगळं लख्ख दिसतंय. घर आहे, धंदा आहे, बायको सोडून गेलेला साधा माणूस आहे. दुसरं काय हवं?

मंगळवार, १४ मे

ऑफिसात मुद्दाम गेलो. त्यांच्या टेबलावर पेल्यात लिलीचं फूल. मी सहज विचारल्यासारखं केलं, ब्रॉयरबाई, बर्च कुठून तोडलं हो तुम्ही?

त्यांनी चष्मा काढला. माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, रागाने नाही. "लेनार्ट, सगळंच विचारायचं नसतं रे."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

मंगळवार, २१ मे

मेर्ले जाणार. ल्यूबेकला, पार उत्तरेला, एका मोठ्या मिठाईवाल्याकडे काम शिकायला. जूनच्या पहिल्या आठवड्यात. मला पावाच्या रांगेत उभं राहून दुसऱ्याच्या तोंडून कळलं. माझा नंबर आला तेव्हा मी विचारलं, खरं का. म्हणाली, हो, मागेच विचारलं होतं त्यांनी, आत्ता होकार कळवला.

मी विचारलं, "इथे काय वाईट आहे?"

"इथे कुणासाठी थांबू?" ती म्हणाली आणि माझ्याकडे पाहिलं.

आता याला काय उत्तर द्यायचं? रांगेत मागे माणसं उभी. मी विषय बदलला. म्हणालो, तुझी आई मजेत आहे, बाबाही, झाड लावून बाईंनी चांगला डाव साधला. मेर्लेचा चेहराच उतरला. म्हणाली, "आईने नाही लावलं ते. आई त्या रात्री झोपली होती. मला माहीत आहे, कारण मी..." आणि थांबली. मग ट्रेमधले पाव उगीच एका बाजूचे दुसऱ्या बाजूला करायला लागली.

मी काय? वाक्य पुरं केलंच नाही. पण मला हवं ते मिळालं. बाईंनी झाड लावलेलं नाही, याला आता घरचा साक्षीदार आहे. एकतीस तारखेला सगळ्या गावासमोर त्या झाड काढायला येतील, तेव्हा बघू. मेर्लेलाही त्याच वेळी कळेल ते कुणासाठी होतं. मग ल्यूबेकला कशाला जाईल ती?

गुरुवार, ३० मे

बाबाने बियरचा क्रेट आणलाय, तळघरात थंड ठेवलाय. शर्टाला इस्त्री स्वतः केली, बाहीला चटका लावला, मग बाही दुमडून बघितली. जेवताना म्हणाला, "उद्या तेवढं नीट वाग हं." मी काय नीट वागत नाही का?

शनिवार, १ जून

काल काय झालं ते लिहितो.

पंधरावीस माणसं जमली होती. मान्नीने बाकं मांडली होती, प्युत्सबाईंनी केक केला होता. ब्रॉयरबाई हातकरवत घेऊन आल्या, निळा झगा घालून. मेर्ले बरोबर होती, मागे, भिंतीशी. बाबाने करवतीकडे पाहून म्हटलं, बिर्गिट, मी धरतो बुंधा, तू काप. सगळे ओरडले की नाही नाही, आधी पापा, मग करवत. बाई हसल्या. बाबाने गाल पुढे केला, शाळकरी पोरासारखे डोळे मिटून.

माझ्याने बघवेना. मी पुढे झालो आणि म्हणालो, थांबा. हे खोटं आहे. हे झाड यांनी लावलेलं नाही. मी तोडलं, मी सजवलं, मी इथे बांधलं. मेर्लेसाठी. या बाई महिनाभर सगळ्यांना फसवतायत, त्यांच्या मुलीलाही ठाऊक आहे. विचारा तिला.

मला वाटलं होतं, लोक बाईंकडे बघतील. लोक बाबाकडे बघत होते. त्याचे डोळे आता उघडे होते, गाल तसाच पुढे.

बाईंनी करवत बाकावर ठेवली. झग्याला हात पुसले. मग म्हणाल्या, "येते मी, एसरसाहेब." आणि फाटकातून बाहेर गेल्या, भरभर नाही, नेहमी ऑफिस सुटल्यावर जातात तशा.

मेर्ले माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मला वाटलं आता रडेल, किंवा हसेल. ती अगदी हळू आवाजात बोलत होती, पण सगळ्यांना ऐकू जात होतं.

"त्या रात्री मी आले होते इथे. मामाच्या ट्रॅक्टरला बांधून झाड आणलं होतं. तुझ्यासाठी. तुझ्या दारात आधीच एक होतं. मला वाटलं, दुसरी कुणीतरी आहे. परत नेलं, ओढत. आणि नंतर तू म्हणालास, असतं तर ओढ्यात फेकलं असतं."

मी म्हणालो, अगं मग झालं तर. म्हणजे तुलाही मीच... म्हणजे आता तर सगळं...

"होतास," ती म्हणाली. "आत्ता थोड्या वेळापूर्वीपर्यंत होतास. ते ऐकूनही पाय निघत नव्हता, जाणं रद्द करते असं आईला सकाळीच म्हणाले होते मी. तू आत्ता माझ्या आईला काय केलंस, ते तुला दिसलं तरी का?"

मी म्हणालो, मी फक्त खरं ते बोललो.

ती आईच्या मागे गेली. केक कुणी कापला नाही. मान्नीने एकट्याने बाकं उचलली, मला इंजिनीयरसाहेबही म्हणाला नाही.

रविवार, २ जून

मेर्ले आज सकाळच्या गाडीने गेली. खरं तर येत्या आठवड्याच्या शेवटी जाणार होती. मी स्टेशनवर गेलो होतो, ती डब्यात बसलेली दिसली, तिने पाहिलं नाही किंवा पाहून तोंड फिरवलं. दोन्ही एकच.

बाबा दिवसभर झाडाचे तुकडे करत होता. कागदाच्या पट्ट्या मात्र सोडवून वेगळ्या ठेवल्या. मी शेवटी त्याच्याजवळ जाऊन म्हणालो, तुला फसवत होती ती, म्हणून बोललो मी. तुझ्यासाठी बोललो.

तो थांबला. म्हणाला, "तीस तारखेला मी तालमीहून लवकर आलो होतो. तू शिडीवर होतास, पट्ट्या बांधत. तुला लाज वाटेल म्हणून मी गाडी कोपऱ्यावरूनच वळवली आणि परत जाऊन बसलो."

मी विचारलं, मग तू त्या दिवशी सांगितलं का नाहीस.

"तू एवढ्या जोराने सांगितलंस, माझं नाही म्हणून. सगळे माझ्याकडे बघायला लागले. वाटलं, कुणाचंच नसेल तर असू दे माझं, महिनाभर."

"आणि ती?"

"बिर्गिटला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तिने लावलं नव्हतं म्हणजे माहीतच असणार ना. मला माहीत होतं की तिला माहीत आहे. तिलाही माझं माहीत होतं. फक्त बोलायचं नव्हतं, लेनार्ट. तेवढंच एक करायचं नव्हतं."

मग परत करवत चालवायला लागला. मी धरू का म्हणून विचारलं. नको म्हणाला.

त्यांनी मला आधी सांगायला काय झालं होतं? सगळ्यांना सगळं ठाऊक, आणि दोष माझा. मी खोटं एक अक्षर बोललेलो नाही. अर्धी रात्र उलटली, डोळ्याला डोळा नाही.

सोमवार, ३ जून

सातला गाडी निघाली नाही. बाबा म्हणाला, आधी ऑफिस उघडू. ब्रॉयरबाई आल्या नव्हत्या. त्यांचं टेबल रिकामं, पेला धुऊन उपडा घातलेला. शनिवारीच येऊन किल्ली ठेवून गेल्या असणार.

आम्ही दोघं नुसते उभे. मग फोन वाजला. बाबा हलला नाही. मी उचलला. बाळाच्या खोलीवाली बाई होती. तिला फक्त ब्रॉयरबाईंशी बोलायचं होतं, रंगाचं त्यांनाच ठाऊक आहे म्हणाली. मी म्हणालो, त्या नाहीत. तिने विचारलं, कधी येतील?

मी तोंड उघडलं, आणि बाबाकडे पाहिलं. तो खिडकीकडे तोंड करून उभा होता.

"रजेवर आहेत म्हणून सांग," तो म्हणाला.

मी सांगितलं, रजेवर आहेत. ती म्हणाली, बरं बरं, आराम करू दे त्यांना, माझा नमस्कार सांगा. मी म्हणालो, सांगतो.